जुन्या इंग्रजी भयकथांच्या आधारे इंग्रजी कशी शिकावी

शाळेत दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकूनही इंग्रजी गोष्टीचे पुस्तक हातात घेतले की तिसऱ्या-चौथ्या पानावर अडखळणारे वाचक मराठी घरांत पुष्कळ आढळतात. त्यांना काळ आणि प्रयोग यांचे नियम पाठ असतात, बातमी वाचता येते, कार्यालयातील पत्रव्यवहारही निभावतो. परंतु सलग ललित गद्य वाचण्याची सवय लागलेली नसते आणि ती लागावी म्हणून नेमके काय वाचावे, हे कोणी सांगितलेले नसते. अशा वाचकाला मी जुन्या इंग्रजी गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तू आणि गूढ यांभोवती फिरणाऱ्या, भयकथा सुचवतो. प्रवासवर्णन किंवा वैचारिक लेख अर्धवट समजला, तरी आपण काय गमावले हे पुष्कळदा लक्षातच येत नाही. भयकथेचे तसे नसते. जिथे अंगावर काटा यायला हवा तिथे तो आला नाही, तर त्या वाक्यातील काहीतरी आपल्या हातून निसटले आहे हे लगेच कळते, आणि मागे वळून तेच वाक्य पुन्हा वाचावेसे वाटते. भाषा शिकणाऱ्याला अशी ओढ लागणे फार मोलाचे असते.

ही परंपरा होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या १७६४च्या कादंबरीपासून मोजली जाते. पुढच्या वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीला त्यांनी ‘अ गॉथिक स्टोरी’ असे उपशीर्षक दिले. एकोणिसाव्या शतकात मासिके आणि नाताळचे विशेष अंक वाढत गेले, तशी ही भीती कादंबरीच्या किल्ल्यांमधून लघुकथेच्या चार भिंतींत आली. या कथांचे जग आटोपशीर असते: एक जुने घर, एक रात्र, वारा, जिना, दार, मेणबत्ती, कुणाचे तरी पाऊल. जग लहान असल्यामुळे शब्दही पुन्हा पुन्हा तेच येतात. ‘डिम’, ‘फेंट’, ‘ड्रेड’, ‘शडर’, ‘ग्लूम’ हे शब्द एका कथेत कष्टाने समजून घेतले, की पुढच्या कथेत ते ओळखीचे होऊन भेटतात. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचलेल्या मराठी वाचकाला तर या प्रकारातील कथेची चाल आधीच ठाऊक असते. त्याला नवी असते ती फक्त भाषा.

कोणत्या कथा, कोणत्या क्रमाने

पाच कथा पुरेशा आहेत, मात्र त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिली डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची ‘द मंकीज पॉ’, १९०२ सालची. दुसरी एडगर ॲलन पो यांची ‘द टेल-टेल हार्ट’, १८४३ सालची. तिसरी शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’, १८९२ सालची. चौथी चार्ल्स डिकन्स यांची ‘द सिग्नल-मॅन’, १८६६ सालची. शेवटी पो यांचीच ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’, १८३९ सालची. नावाजलेली म्हणून अनेक जण अशरची कथा सर्वांत आधी उघडतात आणि पहिल्याच वाक्याला दमून पुस्तक मिटतात. ती कथा पाचवीच वाचावी. नववी-दहावीचे इंग्रजी नीट समजणाऱ्याला जेकब्ज यांची कथा थोड्या कष्टाने झेपते, आणि तिथून पुढे प्रत्येक कथा एकेक पायरी वर नेते.

या कथा मिळवण्यासाठी खर्च करण्याची गरज नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. या लेखकांपैकी सर्वांत शेवटी निधन पावलेले जेकब्ज १९४३ मध्ये गेले. त्यामुळे पाचही कथांचे मूळ पाठ प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि स्वयंसेवकांनी वाचून ध्वनिमुद्रित केलेल्या आवृत्त्या लिब्रीवॉक्सवर ऐकता येतात. पाठ शक्यतो कागदावर छापून घ्यावा, ओळींमध्ये भरपूर जागा सोडावी आणि समास मोठा ठेवावा, कारण पेन्सिलीच्या खुणांशिवाय ही पद्धत चालत नाही. विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली संक्षिप्त रूपे बाजारात आहेत, परंतु ती मी सुचवणार नाही. सोपे करणारा संपादक सर्वांत आधी पुनरुक्ती आणि संदिग्ध शब्द काढून टाकतो, आणि या कथांमध्ये भीती नेमकी तिथेच वसलेली असते.

वाचण्याची रीत

पहिले वाचन एका बैठकीत करावे आणि त्या वेळी शब्दकोश जवळ ठेवू नये. अडलेल्या शब्दाखाली फक्त रेघ मारावी आणि पुढे जावे. घरात कोण कोण आहे, बाहेरून कोण आले, काय घडले आणि कुणाला कशाची भीती वाटते आहे, एवढे समजले तरी या वाचनाचे काम झाले. सुरुवातीला कथेचा तिसरा हिस्सा धूसर राहील. त्याची काळजी करू नये. ध्वनिमुद्रण ऐकायचे असेल तर ते याच वेळी, पाठ डोळ्यांसमोर धरून ऐकावे, म्हणजे वाक्य कुठे थांबते आणि आवाज कुठे खाली येतो हे कानाला कळते.

दुसरे वाचन सावकाश, रोज एखादे पान या गतीने करावे. आता शब्दकोश घ्यावा, परंतु रेघ मारलेला प्रत्येक शब्द पाहू नये. जो शब्द दोनदा आला आहे तो पाहावा. ज्याच्याशिवाय घटना कळत नाही तो पाहावा. उरलेले तसेच सोडावेत. शब्दकोश विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी असावा, आणि त्यातूनही समजले नाही तरच इंग्रजी-मराठी कोशाकडे वळावे. तिसरे वाचन मोठ्याने करायचे असते. त्याविषयी पुढे सांगतो, कारण पो यांच्या कथेत त्याचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते.

‘द मंकीज पॉ’ जवळून वाचताना

ज्यांनी ही कथा वाचलेली नाही त्यांनी ती आधी वाचून घ्यावी आणि मगच पुढचा मजकूर पाहावा, कारण येथे शेवटापर्यंत जावे लागणार आहे.

कथेचे पहिले वाक्य ‘विदाउट, द नाइट वॉज कोल्ड अँड वेट’ असे सुरू होते आणि पहिल्याच शब्दाला ठेच लागते. शाळेत ‘विदाउट’चा अर्थ ‘शिवाय’ असा शिकलेला असतो, आणि येथे तो ‘बाहेर’ या जुन्या अर्थाने आला आहे. हा अर्थ कोश न उघडताही काढता येतो, कारण वाक्याचा दुसरा भाग ‘बट’ने सुरू होऊन घराच्या आतले वर्णन करतो: छोटा दिवाणखाना, ओढलेले पडदे, चांगली पेटलेली शेकोटी. आत काय आहे हे ‘बट’नंतर सांगितले जात असेल, तर ‘बट’च्या आधी बाहेरचे वर्णन असणार. अनोळखी शब्दासमोर थांबण्याऐवजी वाक्याचा उरलेला अर्धा भाग वाचून मागे येण्याची ही सवय पहिल्याच ओळीपासून लावून घ्यावी. बाहेर आणि आत हा विरोध पुढे साऱ्या कथेला पुरतो, आणि शेवटी दारावर जी थाप पडते ती त्या थंड बाहेरूनच पडते.

आता आर्टिकल. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ आपल्याकडून कायम चुकतात, आणि नियमांच्या यादीने ही चूक सहसा सुधारत नाही. कथेच्या शीर्षकात ‘द’ आहे. परंतु घरमालक मिस्टर व्हाइट भारतातून परतलेल्या सार्जंट-मेजर मॉरिसला त्या वस्तूविषयी प्रथम विचारतात, तेव्हा ‘अ मंकीज पॉ ऑर समथिंग’ असे म्हणतात. शीर्षक वाचलेल्या आपल्याला ही तीच वस्तू आहे हे कळते. घरातल्यांच्या लेखी मात्र तो अजून माकडाचा कुठला तरी एक पंजा आहे. बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही एखादी वस्तू ठाऊक झाली आहे की नाही, याची नोंद इंग्रजी आर्टिकल ठेवते. मराठीत हे काम ‘एक’, ‘तो’, ‘ती’ हे शब्द आणि पुष्कळदा नुसता शब्दांचा क्रम करतो. पंजा, दार आणि थाप या तीन शब्दांच्या आधी आलेले प्रत्येक ‘अ’ आणि ‘द’ पेन्सिलीने गोल करावे, आणि प्रत्येक ठिकाणी त्या क्षणी कुणाला काय ठाऊक आहे हे समासात एका शब्दात लिहावे. हा एक सराव मन लावून केला, तर आर्टिकलविषयीचा निम्मा गोंधळ ओसरतो.

मुलगा हर्बर्ट ज्या कारखान्यात काम करतो, तिथला माणूस घरी येतो तो प्रसंग वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. हर्बर्ट यंत्रात सापडला, हे तो ‘कॉट इन द मशीनरी’ अशा कर्मणी रचनेत सांगतो. त्याआधी आई विचारते तेव्हा तो म्हणतो की मुलाला जबर इजा झाली, परंतु त्याला आता काही वेदना नाहीत. आई देवाचे आभार मानते, आणि आभार मानता मानताच त्या वाक्याचा दुसरा अर्थ तिच्या ध्यानात येतो. आपल्यालाही तो तिच्याबरोबरच कळला पाहिजे. कळला नसेल तर ‘ही इज नॉट इन एनी पेन’ हे वाक्य पुन्हा वाचावे. त्यानंतर तो माणूस कंपनीची भूमिका सांगतो: जबाबदारी ‘डिसक्लेम’ करणे, कसलीही ‘लायबिलिटी’ मान्य न करणे, परंतु मुलाच्या सेवेचा विचार करून, म्हणजे ‘इन कन्सिडरेशन ऑफ’, काही रक्कम ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणून देणे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही भाषा आजही विमा कंपन्यांच्या आणि कायदेविषयक पत्रांत जशीच्या तशी भेटते. दुःखाच्या घरात ती किती कोरडी वाटते हे एकदा अनुभवले, की हे शब्दप्रयोग निराळे पाठ करावे लागत नाहीत.

शेवटच्या प्रसंगात दारावर थाप पडते. आई ओरडते की हा हर्बर्टच आहे, माझा मुलगा आहे. बाप विनवतो, ‘फॉर गॉड्ज सेक डोंट लेट इट इन’. येथे ‘हिम’ नाही, ‘इट’ आहे. आईच्या लेखी दाराबाहेर मुलगा आहे आणि बापाच्या लेखी ती एक वस्तू आहे, हे दोन अक्षरांच्या सर्वनामाने सांगितले गेले. मराठीत क्रियापदाचे रूप आणि विशेषणही लिंग सांगतात, त्यामुळे सर्वनामाकडे आपले लक्ष कमी जाते; इंग्रजीत पुष्कळदा सारा भार त्याच्यावरच असतो. मला या कथेतील हे सर्वांत भयानक वाक्य वाटते, आणि ‘इट’वर नजर ठरली नाही तर ते अगदी साधे वाटून निघून जाते.

या कथेसाठी लेखनाचा एकच सराव सांगतो. पंजाकडे तीन इच्छा मागता येतात. पहिली इच्छा ‘आय विश फॉर टू हंड्रेड पाउंड्ज’ अशी आहे आणि दुसरी ‘आय विश माय सन अलाइव्ह अगेन’ अशी. तिसऱ्या इच्छेचे शब्द लेखकाने दिलेलेच नाहीत. म्हाताऱ्याने ती घाईघाईने पुटपुटली, एवढेच सांगितले आहे. ते वाक्य आपण इंग्रजीत लिहावे. ‘विश’नंतर ‘ही वेअर’ येईल की ‘ही वुड’, मुलाला शांती मागावी की दाराबाहेरचे ‘इट’ नाहीसे व्हावे असे मागावे, हे ठरवताना ‘विश’चे सारे व्याकरण स्वतःहून धुंडाळावे लागते. पाच-सहा वेगवेगळी वाक्ये लिहावीत आणि त्यांतील कोणत्या इच्छेचा पंजाला पुन्हा विपरीत अर्थ काढता येईल, हे तपासावे. जे वाक्य पंजालाही फिरवता येणार नाही, ते व्याकरणदृष्ट्याही बहुधा सर्वांत नेमके असते.

पो यांची कथा मोठ्यानेच वाचावी

‘द टेल-टेल हार्ट’ लहान आहे. सावकाश वाचली तरी वीस मिनिटांत संपते. निवेदक खुनी आहे आणि आपण वेडे नाही हे तो आपल्याला पटवू पाहतो. त्याचे पहिलेच वाक्य ‘ट्रू!’ या एका शब्दानंतर तुटते, ‘नर्व्हस’ म्हणून पुन्हा तुटते, आणि मग ‘आय हॅड बीन अँड ॲम’ असे दोन काळ एका श्वासात येतात: मी तसा होतो आणि आजही आहे. त्यापुढे तो विचारतो, ‘व्हाय विल यू से दॅट आय ॲम मॅड?’ येथील ‘विल’ भविष्यकाळाचा नाही. तुम्ही हट्टाने असे का म्हणत राहता, असा त्याचा रोख आहे. शाळेत शिकलेला ‘विल’ येथे लावला तर प्रश्न विचित्र वाटतो, आणि मोठ्याने वाचताना ‘विल’वर जोर दिला की अर्थ आपोआप कळतो. म्हणून तिसरे वाचन मोठ्याने. जिथे संयोगचिन्हासारखी लांब आडवी रेघ आहे तिथे थांबावे, उद्गारचिन्ह आहे तिथे आवाज चढवावा, आणि शेवटच्या पानावर ‘लाउडर’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो तिथे दर वेळी आवाज एकेक पायरी वर न्यावा. घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवलेली बरी.

या कथेत एक वाक्यांश दोनदा येतो: कापसात गुंडाळलेल्या घड्याळाचा असतो तसा ‘लो, डल, क्विक साउंड’. पहिल्या वेळी म्हातारा जिवंत आहे आणि अंधारात घाबरून बसलेला आहे. दुसऱ्या वेळी तो जमिनीच्या फळ्यांखाली आहे आणि पोलीस खोलीत गप्पा मारत बसले आहेत. शब्द जवळजवळ तेच आहेत, बदलली आहे ती परिस्थिती, आणि त्या बदलातच कथेचा सारा प्रश्न दडला आहे: हा आवाज कुणाच्या हृदयाचा? दोन्ही परिच्छेद वहीत शेजारी शेजारी उतरवून काढावेत आणि प्रत्येकाखाली खोलीत कोण कोण आहे, कोण काय ऐकत आहे, हे तीन-चार साध्या इंग्रजी वाक्यांत लिहावे.

उच्चारासाठीही हीच कथा उपयोगी आहे. मराठीतील ‘व’ हा इंग्रजीच्या दोन वेगळ्या ध्वनींच्या मध्ये कुठेतरी पडतो, त्यामुळे आपले ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ पुष्कळदा सारखेच ऐकू येतात. म्हाताऱ्याच्या गिधाडासारख्या डोळ्याचा ‘व्हल्चर’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. घड्याळाचा ‘वॉच’ म्हणताना दातांचा संबंध येत नाही, दोन्ही ओठ गोल होतात. हे दोन्ही शब्द या कथेत आहेत. रोज मोठ्याने वाचणाऱ्याच्या तोंडात हा फरक काही दिवसांत बसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. निवेदक आपल्याला ‘हार्कन’ म्हणून ऐकायला सांगतो, आणि डिकन्स यांच्या कथेची सुरुवात ‘हलोआ’ या हाकेने होते. असे शब्द ओळखता यावेत एवढेच पुरे. स्वतःच्या पत्रात ते वापरू नयेत. वहीत त्यांच्यासमोर छोटी फुली मारून ठेवावी. ‘ॲट लेंग्थ’ मात्र फुलीशिवाय लिहावे: अशरच्या घराकडे येणारा प्रवासी अखेर पोहोचतो तेव्हा ते येते, आणि आजच्या लिखाणातही चालते.

पुढच्या तीन कथा

‘द यलो वॉलपेपर’ ही उन्हाळ्यासाठी भाड्याने घेतलेल्या जुन्या घरात ठेवलेल्या आजारी स्त्रीची रोजनिशी आहे. परिच्छेद एका-दोन वाक्यांचे आहेत, शब्द सोपे आहेत, आणि तरीही ही कथा जेकब्ज यांच्या कथेपेक्षा अवघड आहे, कारण जे घडते आहे ते निवेदिकेलाच पुरते कळलेले नाही. तिचा नवरा डॉक्टर आहे आणि तिला काहीही झालेले नाही असे तो सर्वांना सांगतो. त्यावर ती विचारते, ‘व्हॉट इज वन टु डू?’ हा ‘वन’ मराठी माणसाला व्याकरणाच्या पुस्तकातून कधी नीट उमगत नाही, परंतु ‘माणसाने करावे तरी काय?’ हे आपण रोज म्हणतो, आणि तो तेच आहे. स्वतःविषयी बोलायचे आहे पण ‘मी’ म्हणण्याची सोय नाही, अशा जागी तो येतो. पूर्ण कथेत ‘वन’ कुठे येतो आणि ती ‘आय’वर कधी उतरते, हे पाहत गेल्यास तिच्या मनाची अवस्था समजत जाते. गिलमन यांनी स्वतः सोसलेल्या सक्तीच्या विश्रांतीच्या उपचारातून ही कथा जन्मली आहे. मानसिक आजाराच्या काळातून जात असलेल्या वाचकाने ती सध्या बाजूला ठेवून पुढच्या कथेकडे जावे.

‘द सिग्नल-मॅन’साठी रंगीत पेन्सिली घ्याव्यात. डोंगर खोल कापून काढलेली रेल्वेमार्गाची खिंड, तिच्या तळाशी सिग्नलवाल्याची खोली, बोगद्याचे तोंड, तिथला लाल दिवा, वरून खाली उतरणारी वळणावळणाची पायवाट: हे सारे वर्णन वाचत वाचत कागदावर काढावे. ‘बिलो’, ‘अबव्ह’, ‘डाउन द लाइन’, ‘ॲट द माउथ ऑफ’ हे शब्दप्रयोग चित्रात बरोबर जागी बसले नाहीत, तर कथेचे पहिले कोडे समजतच नाही. वरून निवेदक हाक मारतो आणि सिग्नलवाला वर पाहण्याऐवजी रुळांच्या दिशेने पाहतो. तो तसे का करतो, हे कळण्यासाठी कोण कुठे उभा आहे हे डोळ्यांसमोर असावे लागते. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या रेल्वे अपघातातील गाडीत डिकन्स स्वतः होते, आणि पुढच्याच वर्षीच्या नाताळ अंकात त्यांनी ही कथा छापली. ती वाचताना हे लक्षात असलेले चांगले.

अशरच्या कथेचे पहिले वाक्य साठाच्या आसपास शब्दांचे आहे आणि त्यात ‘आय’ येण्याआधी पंचवीस शब्द खर्ची पडतात. प्रथम दिवस कसा होता ते येते: मळभाचा, काळोखा, निःशब्द. मग ऋतू, मग खाली लोंबणारे ढग, आणि त्यानंतर एकटा घोडेस्वार. घराचे नाव तर सर्वांत शेवटी. हे वाक्य वाचताना आधी ‘आय हॅड बीन पासिंग’ आणि ‘फाउंड मायसेल्फ’ ही दोन क्रियापदे शोधून त्यांखाली रेघ मारावी, आणि मग बाकीचे तुकडे त्यांना जोडत जावे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाक्याच्या अखेरपर्यंत अर्थासाठी थांबण्याची सवय आपल्याला आहेच, आणि या वाक्यापुरती ती उपयोगी पडते. या कथेचे रोज एकच परिच्छेद या गतीने वाचन करावे. अशा लांब वाक्यांपैकी पाच निवडून त्यांची तीन-तीन छोटी वाक्ये करावीत, आणि चार दिवसांनी मूळ पाठ न पाहता ती पुन्हा जोडून पाहावीत. ‘व्हेन’, ‘ॲज’ आणि ‘व्हिच’ यांच्यावर हात बसवण्यासाठी मला याहून चांगला सराव माहीत नाही.

वही आणि पुढील वाटचाल

वहीत इंग्रजी शब्द आणि समोर मराठी अर्थ अशा दोन रांगा करू नयेत. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य उतरवावे आणि पाने विषयांनुसार लावावीत: आवाज, उजेड आणि अंधार, हालचाल, आणि शंका. शंकेचे पान सर्वांत लवकर भरते. ‘सीम्ड’, ‘ॲज इफ’, ‘आय फॅन्सीड’, ‘मस्ट हॅव्ह बीन’, ‘माइट हॅव्ह बीन’ ही भुताचे अस्तित्व कबूल न करता ते दाखवण्याची भाषा आहे. मराठीत आपण ‘भासले’, ‘जणू’, ‘असावे’ असे म्हणतो. बैठकीत किंवा मुलाखतीत ठाम विधान न करता मत मांडायचे असते, तेव्हा हेच पान कामाला येते, आणि आपल्या बोलण्यात नेमकी हीच इंग्रजी सर्वांत कमी असते.

एका कथेला दोन ते तीन आठवडे द्यावेत आणि रोज अर्धा तास पुरेसा मानावा. कथा संपल्यावर ती इंग्रजीत तोंडी सांगावी. ऐकणारा माणूस मिळाला तर उत्तम, नाहीतर फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकावा. सांगताना निवेदक बदलावा: ‘द मंकीज पॉ’ आईच्या तोंडून, ‘द टेल-टेल हार्ट’ पोलिसांपैकी एकाच्या तोंडून. निवेदक बदलला की सर्वनामे, काळ आणि कुणाला काय ठाऊक आहे याचा सारा हिशोब नव्याने मांडावा लागतो.

पाच कथा झाल्यावर रडयार्ड किपलिंग यांची सिमल्यात घडणारी ‘द फँटम रिक्षा’ ही १८८५ची कथा घ्यावी. गावे, हवा आणि नोकरचाकरांचे जग ओळखीचे असल्यामुळे वेग वाढतो, मात्र भारतीयांकडे पाहण्याची निवेदकाची साम्राज्यवादी दृष्टी वाचकाने नजरेआड करू नये. रॉबर्ट लुइस स्टीव्हन्सन यांची ‘थ्रॉन जॅनेट’ स्कॉट बोलीत आहे, म्हणून ती बराच काळ टाळावी. एम. आर. जेम्स यांच्याकडे मात्र जरूर जावे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास मित्रांना वाचून दाखवण्यासाठी त्यांनी आपल्या अनेक कथा लिहिल्या आणि त्यांचा पहिला संग्रह १९०४ मध्ये निघाला. त्यांत लॅटिनचे तुकडे येतात; ते वगळून पुढे गेले तरी चालते, कारण त्यांचा अर्थ बहुधा पात्रांपैकी कुणीतरी पुढे सांगतोच. समुद्रकाठी सापडलेल्या शिट्टीची त्यांची कथा दोन-तीन मित्रांनी पाने वाटून घेऊन एका रात्री मोठ्याने वाचावी, आणि ज्याची पाळी नसेल त्याने पाठ मिटून नुसते ऐकावे.